फॅनफिक वाचणारे वाढले, बोलणारे कमी झाले: कमेंट्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॅनफिक म्हणजे आवडत्या मालिका-पुस्तकांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा. त्या लिहिणारे आणि वाचणारे, दोघांकडूनही हेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी लिहिते पण, आणि लिहिते त्याच्या कितीतरी पट जास्त वाचते, त्यामुळे दोन्हीकडची बाजू मांडायचा प्रयत्न केलाय. काही उत्तरं लांबलीत कारण तिथे बोलण्यासारखं खूप आहे.

खरंच कमेंट्स कमी झाल्यात का, की लेखकांची ही रड कायमचीच आहे?

गप्प वाचक कायमच होते, हे आधी मान्य करू. वेबसाइट्स लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सनने २००६ मध्ये ऑनलाइन ग्रुप्सबद्दल एक ढोबळ नियम मांडला होता, की शंभरातले नव्वद लोक नुसते बघतात, नऊ जण अधूनमधून बोलतात आणि एकच जण सतत काहीतरी करत असतो. फॅनफिक त्याला अपवाद नाही आणि कधीच नव्हतं. पण बदललंय ते वेगळंच. पूर्वी जे थोडे बोलायचे ते एकमेकांना नावानिशी ओळखायचे, कोणाला पात्रांची कुठली जोडी आवडते, कोण दुःखी शेवट वाचतच नाही, हे सगळ्यांना पाठ असायचं, त्यामुळे चार कमेंट्स आल्या तरी त्या चार माणसांच्या वाटायच्या. आता चारशे लोक वाचून जातात आणि एकाचाही चेहरा दिसत नाही. लेखक ‘कमेंट्स कमी झाल्या’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांना हे म्हणायचं असतं, आणि ते खरं आहे.

मग पूर्वी लोक एवढं लिहायचे कसे? त्यांना काय जास्त वेळ होता?

वेळेचा प्रश्न नाही हो. कथा आणि गप्पा एकाच ठिकाणी व्हायच्या, हे खरं कारण.

अगदी मागे गेलं तर छापील फॅनझीन्स, म्हणजे चाहत्यांनीच काढलेले अंक, होती. स्टार ट्रेकचं पहिलं फॅनझीन, स्पॉकानेलिया, १९६७ मध्ये निघालं. अंक पोस्टाने यायचा, वाचक पत्रं लिहायचे, आणि फॅनझीन्समध्ये ती पत्रं पुढच्या अंकात छापायची पद्धत होती, म्हणजे वाचकाचं पत्र हाही अंकाचाच भाग. पुढे मेलिंग लिस्ट्स आल्या, तिथे कथा मेलमध्येच यायची आणि रिप्लाय मारला की झालं. १९९८ मध्ये फॅनफिक्शन डॉट नेट ही साइट आली, तिथे चॅप्टर संपला की खाली रिव्ह्यूची जागा, आणि ‘रीड अँड रिव्ह्यू’ हे जवळजवळ प्रत्येक लेखकाच्या नोटमध्ये असायचंच. १९९९ मध्ये लाइव्हजर्नल ही ब्लॉगची साइट सुरू झाली आणि पुढची काही वर्षं तर फँडमचं, म्हणजे चाहत्यांच्या गोतावळ्याचं, घरच ते होतं. तिथे कमेंटला रिप्लाय, त्याला परत रिप्लाय, अशी साखळी चालायची, दुसरा वाचक मधेच येऊन म्हणायचा की मला तर उलट वाटलं, आणि लेखक गप्प बसून बघत असायचा की आपल्या कथेवर लोक भांडतायत, यापेक्षा मोठं सुख काय. शिवाय जो कमेंट करतोय त्याचं स्वतःचं जर्नल असायचं, तोही लिहायचा, उद्या तुम्ही त्याच्याकडे जायचात.

मग एकेक जागा सुटत गेली. २००७ मध्ये लाइव्हजर्नलने एका झटक्यात शेकडो अकाउंट्स बंद केली, त्यात फँडमचीही होती, आणि लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. मेलिंग लिस्ट्स चालायच्या त्या याहू ग्रुप्सवरचं साठवलेलं सगळं २०१९ च्या डिसेंबरमध्ये पुसायला घेतलं आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये ते पूर्ण बंद पडलं, त्याबरोबर कितीतरी जुन्या लिस्ट्स, कथा आणि त्यांच्यावरच्या चर्चा गेल्या. टम्बलर या ब्लॉगच्या साइटने १७ डिसेंबर २०१८ पासून अ‍ॅडल्ट मजकुरावर बंदी आणली, तिथूनही लोक पांगले. दर वेळी कथा कशीबशी नव्या जागी नेता येते, ओळखी मात्र तशा नेता येत नाहीत. नवीन जागी आपण अनोळखी असतो, आणि अनोळखी घोळक्यात माणूस आपोआप गप्प बसतो. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे, वाचक आळशी झाले वगैरे म्हणणं मला पटत नाही.

पण आर्काइव्ह ऑफ अवर ओन तर चांगलं चाललंय ना?

चाललंय, आणि त्याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये फॅनफिकची ही साइट, थोडक्यात एओथ्री, सगळ्यांसाठी चाचणी आवृत्ती म्हणून उघडली, मागे ना जाहिरात ना कंपनी, चाहत्यांनीच उभी केलेली संस्था आणि स्वयंसेवक, २०१९ मध्ये विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आज तिथे एक कोटीपेक्षा जास्त कथा आहेत. पण ती लायब्ररी आहे. म्हणजे कथा सांभाळून ठेवायची, नीट टॅग करून शोधता यायची जागा. तिथे मेसेज पाठवायची सोय नाही, गप्पा मारायला वेगळा कट्टा नाही. माणसं कथा इथून उचलतात आणि बोलायला दुसरीकडे जातात. लेखकाच्या हातात उरतो तो फक्त खालचा कमेंटचा चौकोन, म्हणून त्या चौकोनाचं एवढं महत्त्व.

मी कुडोज देते की. ते पुरेसं नाही का?

कुडोज, म्हणजे एओथ्रीवरचं शाबासकीचं बटण, दाबाच, त्याला कोणी नावं ठेवत नाही. २०१० च्या शेवटी हे बटण आलं तेच मुळी अशा वाचकांसाठी की ज्यांना काही सांगायचंय पण शब्द सुचत नाहीत. आधी जे पूर्ण गप्प होते ते निदान एक क्लिक करू लागले. पण त्याचबरोबर जे आधी ‘मस्त होतं, आवडलं’ एवढी एक ओळ लिहायचे त्यांनाही वाटायला लागलं की बटण दाबलं, आपलं काम झालं.

आणि अजून एक गोष्ट बऱ्याच वाचकांच्या लक्षात येत नाही, एका कथेला तुम्ही एकदाच कुडोज देऊ शकता. कथा वीस चॅप्टर्सची असेल आणि तुम्ही दुसऱ्या चॅप्टरला कुडोज दिलंत तर पुढचे अठरा चॅप्टर्स तुमच्याकडून लेखकाला काहीही कळणार नाही, तुम्ही अजून वाचताय का, कंटाळून सोडलंत का, रात्री जागून संपवलंत का, काहीच नाही. लांब कथा लिहिणारे मधेच थकतात ते बऱ्याचदा याच्यामुळे. तेव्हा निदान लांब कथांना तरी मधेमधे एखादी ओळ टाका.

माझ्या फिकला हजाराच्या वर हिट्स आहेत आणि कमेंट्स चार. म्हणजे फिक वाईट आहे का?

नाही. आधी हिट्स म्हणजे काय ते बघा. कोणी उघडून पहिला परिच्छेद वाचून बंद केलं तरी हिट. एकच वाचक दर आठवड्याला नवीन चॅप्टर वाचायला परत आला तरी परत हिट. त्यामुळे पंचवीस चॅप्टर्सच्या कथेत हजार हिट्स म्हणजे कदाचित चाळीस-पन्नासच नियमित वाचक, आणि मग त्यातून चार कमेंट्स हे प्रमाण आजिबात वाईट नाही! वनशॉटचं, म्हणजे एकाच चॅप्टरच्या कथेचं, गणित निराळं, तिथे हिट्स बऱ्यापैकी माणसांच्या जवळ जातात. शिवाय कथेखाली जो कमेंट्सचा आकडा दिसतो त्यात लेखकाने दिलेली उत्तरंही धरलेली असतात, म्हणजे शेजारच्या फिकवर ऐंशी दिसतायत त्यातल्या चाळीस तिच्या स्वतःच्याच असू शकतात. उगाच तुलना करून जीव जाळू नका.

चालू कथेला एकंदरीत कमी प्रतिसाद येतो, कारण बरेच वाचक कथा पूर्ण झाल्याशिवाय हातच लावत नाहीत, अर्धवट सुटलेल्या कथांनी त्यांना पोळलेलं असतं. आणि गंमत अशी, की त्या कथा अर्धवट सुटल्या त्याचं एक कारण वाट बघणाऱ्यांनी काही म्हटलंच नाही हेही असतं.

कमेंटमध्ये लिहायचं तरी काय? मला समीक्षा वगैरे येत नाही.

समीक्षा कोणी मागितलीये? एकच जागा पकडायची. वाचताना जिथे तुम्ही थांबलात, मागे जाऊन परत वाचलंत, किंवा फोन बाजूला ठेवून छताकडे बघत बसलात, ती जागा. एक उदाहरण देते. समजा कथेत दोन मित्र भांडतात, एक जण निघून जातो पण जाताना किल्ली टेबलावर ठेवत नाही, खिशातच राहते. आता ‘खूप छान चॅप्टर’ ही कमेंट आली तर लेखकाला बरं वाटेल, नक्कीच. पण ‘किल्ली खिशातच राहिली ना त्याच्या, म्हणजे परत येणार आहे तो, मला माहितीये’ एवढंच कोणी लिहिलं, तर लेखक दिवसभर हवेत असतो. कारण ती किल्ली त्याने मुद्दाम ठेवली होती, तीन वेळा वाक्य बदललं होतं, आणि कोणाच्या लक्षात येईल का हे त्याला ठाऊक नव्हतं. कोणीतरी ती पाहिली. तुमच्या कमेंटची लांबी एक ओळ, वेळ अर्धा मिनिट.

ज्यांना शेवटी काही आठवत नाही त्यांनी वाचतानाच आवडलेली वाक्यं फोनच्या नोट्समध्ये कॉपी करून ठेवावीत आणि शेवटी ती तशीच चिकटवून खाली ‘इथे मी संपले’ लिहावं, पुष्कळ जण हेच करतात आणि लेखकांना हा प्रकार भयंकर आवडतो. पुढे काय होईल याचा अंदाज लिहा, चुकला तरी चालतो, उलट चुकलेला अंदाज वाचायला लेखकाला जास्त मजा येते. दुसऱ्यांदा वाचत असाल तर ते तर सांगाच, ‘परत वाचायला आले’ यापुढे कुठलीही स्तुती फिकी आहे.

माझं इंग्रजी कच्चं आहे, चुका होतील म्हणून लिहीत नाही.

चुका होऊ द्या. लेखक तुमचं व्याकरण तपासायला बसलेला नाही, त्याला कोणीतरी आपलं वाचलं याचा आनंद झालेला असतो. मोडकं तोडकं लिहा, नाहीतर सरळ आपल्या भाषेत लिहा, भाषांतर करून घेतात लोक. फक्त इमोजीची रांग टाकलीत तरी कळतं काय झालं ते. एओथ्रीवर अकाउंट नसेल तरीही नाव आणि ईमेल टाकून कमेंट करता येते, ईमेल बाहेर दिसत नाही, अर्थात लेखकाने पाहुण्यांच्या कमेंट्स बंद केल्या नसतील तर.

आणि लेखकाने उत्तर दिलं तर काय बोलू, मला फार अवघडतं.

काहीच बोलू नका, तिथे संभाषण संपलं तरी चालतं. लाँग लिव्ह फीडबॅक नावाचा कमेंट्ससाठीचा एक उपक्रम आहे, त्यांनी यावर एक छान तोडगा काढला, कमेंटच्या शेवटी ‘व्हिस्पर’ असं लिहायचं, म्हणजे वाचकाला उत्तर नकोय हे लेखकाला कळतं. भिडस्त माणसांसाठी सोय आहे, वापरा.

चुका दाखवाव्यात का?

लेखकाने मागितलं असेल तर. नोटमध्ये ‘सूचना चालतील’ असं असेल तर जरूर सांगा, नेमकं सांगा, कुठे अडखळलात ते सांगा. मागितलं नसेल तर नको. यावर वाद खूप आहेत, काहींचं म्हणणं की टीकेशिवाय लेखक सुधारणार कसा. मला विचाराल तर फुकट, हौसेने, रात्री उशिरा बसून लिहिलेल्या गोष्टीवर न विचारता लाल पेन चालवणाऱ्या एका कमेंटमुळे लिहिणं सोडलेली माणसं मी पाहिलीयेत, आणि तीच माणसं बीटाकडून, म्हणजे पोस्ट करण्याआधी कथा तपासून देणाऱ्या मित्राकडून, पानंच्या पानं दुरुस्त्या आनंदाने घ्यायची. फरक विश्वासाचा आहे. टायपो असेल तर हळूच सांगायला हरकत नाही, पण आधी आवडलेलं एक काहीतरी लिहा. ‘ही जोडीच मला आवडत नाही’ हे तर सांगूच नका, टॅग वाचून आत आलात ना तुम्ही.

आणि शिकण्याबद्दल सांगायचं तर, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या सेसिलिया अ‍ॅरागॉन आणि केटी डेव्हिस यांनी फॅनफिक्शन डॉट नेटवरच्या रिव्ह्यूजचा अभ्यास केलाय, आणि त्यांचं म्हणणं असं की इथे एक गुरू एक शिष्य असं काही नसतं, अनेक अनोळखी लोकांचे छोटे छोटे तुकडे मिळून लेखक शिकत जातो, एकटा तुकडा बघितला तर त्यात फारसं काही नसतं पण सगळे एकत्र आले की त्यातून मार्गदर्शन उभं राहतं. म्हणजे तुमचं ‘हा डायलॉग अगदी त्याच्याच तोंडचा वाटला’ हेसुद्धा शिकवणंच आहे.

लेखकांनी स्वतःसाठी लिहावं ना, दाद कशाला हवी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो, म्हणून नीट उत्तर देते. लिहिणं स्वतःसाठी असतं, मान्य. स्वतःसाठी लिहिलेलं ड्राफ्टमध्ये ठेवता येतं, माझ्याकडेही आहे तसं. पोस्ट करणं मात्र दुसऱ्यांसाठी असतं. फॉरमॅट करा, टॅग लावा, समरी लिहा, परत परत वाचून चुका काढा, ही सगळी मेहनत वाचकासाठीच आहे, लेखकाला कथा आधीच माहितीये. फॅनफिकमध्ये पैसे नाहीत आणि नसावेतच, दुसऱ्याच्या पात्रांवर पैसे कमवायला गेलं की कायद्याची भानगड सुरू होते. मग उरतं काय? मला जे पात्र असं दिसलं ते तुलाही तसं दिसलं का, एवढंच विचारायला माणूस येतो. उत्तर आलं नाही तर तो लिहिणं सोडतो असं नाही, पण पोस्ट करणं सोडतो, किंवा चार मैत्रिणींच्या बंद ग्रुपमध्ये टाकतो आणि बाकीच्यांना वाटतं फँडम मेलं.

आम्ही डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर एखाद्या फिकबद्दल दोन दोन तास बोलतो, ते काय कमी आहे?

लेखकाला ते दिसत नाही! हेच तर दुखणं आहे. तिकडे तुम्ही ‘सातवा चॅप्टर वाचून मी रडले’ म्हणताय आणि इकडे लेखक सातव्या चॅप्टरखालची रिकामी जागा बघून आठवा लिहावा की नाही विचार करतोय. जे तिकडे टाइप केलंत तेच कॉपी करून कथेखाली टाका, वेगळं काही लिहायला नको. टम्बलरवर पोस्ट रिब्लॉग करताना, म्हणजे आपल्या ब्लॉगवर पुढे टाकताना, खालच्या टॅगमध्ये लिहिणाऱ्यांचंही तेच, कुजबुजल्यासारखं लिहिता तुम्ही, पण त्या टॅग्जचे स्क्रीनशॉट काढून जपणारे लेखक आहेत. आणि एक सावध करते, एओथ्रीवर बुकमार्कच्या नोट्स प्रायव्हेट केल्या नसतील तर त्या लेखकाला दिसतात, तिथे ‘बरी आहे, शेवट गंडला’ असं लिहून ठेवलं असेल तर ते त्याने वाचलेलं असू शकतं.

कमेंट्स मागणं भीक मागितल्यासारखं वाटतं. कसं मागू?

धमकी देऊन नको. ‘दहा रिव्ह्यू आल्याशिवाय पुढचा चॅप्टर नाही’ हा प्रकार फॅनफिक्शन डॉट नेटच्या काळापासून चालत आलाय आणि वाचकांना तेव्हाही राग यायचा. एक सोपा प्रश्न विचारा, शेवटच्या नोटमध्ये, ‘तुम्ही त्याच्या जागी असता तर पत्र उघडलं असतंत का?’ असा काहीतरी, की ज्याला एका ओळीत उत्तर देता येईल. काय चालेल तेही स्पष्ट लिहा, एक शब्द चालेल, इमोजी चालेल, जुन्या चॅप्टरवर चालेल, दुसऱ्या वाचकाशी बोललात तरी चालेल. बऱ्याच वाचकांना परवानगीच हवी असते.

आणि आलेल्या कमेंटला जमेल तसं उत्तर द्या. बंधन नाही, तब्येत असते, नोकरी असते, पण तीन वर्षं एकाही कमेंटला उत्तर नाही आणि वर लोक बोलत नाहीत ही तक्रार, हे जुळत नाही. उशिरा दिलेलं उत्तरही चालतं.

हल्ली कौतुकाच्या कमेंटवरही विश्वास बसत नाही, स्पॅम कसं ओळखू?

हे दुर्दैव आहे खरं. गोड गोड कमेंट येते, तुमच्या कथेने मी भारावले, मी चित्रकार आहे, यावर कॉमिक करूया, डिस्कॉर्डवर या, आणि तिथे गेलं की पैशाची गोष्ट निघते. ओळखायची खूण एकच, कथेतलं एकही नेमकं काही त्यात नसतं, ना पात्राचं नाव ना प्रसंग, तीच कमेंट कुठल्याही कथेखाली चिकटेल अशी असते. पाहुण्याची असेल तर स्पॅम मार्क करा, लॉगिनवाल्याची असेल तर रिपोर्ट करा. ‘हे एआयने लिहिलंय’ असे आरोप करत फिरणाऱ्या बॉट कमेंट्सही येतात, मनाला लावून घेऊ नका, डिलीट.

याचा आणि एआयसाठी कथा उचलल्या जाण्याच्या भीतीचा परिणाम म्हणून बऱ्याच लेखकांनी कथा फक्त अकाउंटवाल्यांसाठी लॉक केल्यात, त्यांचं चुकत नाही, पण बिनाअकाउंटचा वाचक त्यामुळे तुटतो. अशा वाचकांनी एओथ्रीच्या अकाउंटसाठी इन्व्हिटेशनच्या रांगेत नाव घालून ठेवावं, थोडी वाट बघावी लागते पण मिळतं.

आमचं फँडम अगदी छोटं आहे, सात-आठ जण. काय करता येईल?

छोट्या फँडमला उलट सोपं जातं. एकमेकांचं वाचायचं आणि बोलायचं असं ठरवून टाका, आठवड्यातून एक जुनी कथा सगळ्यांनी मिळून वाचायची, किंवा शंभर शब्दांच्या ड्रॅबल्सची देवाणघेवाण करायची. यूलटाइड ही गिफ्ट एक्स्चेंज २००३ पासून चालू आहे आणि ती छोट्या, दुर्मिळ फँडम्ससाठीच आहे, तुमच्यासाठी कोणीतरी कथा लिहितं आणि तुम्ही ती वाचून लेखकाचे आभार मानायचे हे तिथे गृहीतच असतं. अशी चौकट असली की लाजणारे पण बोलतात.

दहा वर्षांपूर्वीची कथा आहे, लेखक आता भलत्याच फँडममध्ये आहे. आता कमेंट करणं विचित्र दिसेल ना?

करा, अजिबात विचित्र नाही. लेखकाने नोटिफिकेशन बंद केलं नसेल तर त्याला मेल जातो, कथा कितीही जुनी असो. जुन्या कथेवरच्या कमेंटनंतर अर्धवट सोडलेली कथा पूर्ण केल्याचं कितीतरी लेखकांनी पुढच्या चॅप्टरच्या नोटमध्ये लिहिलेलं तुम्हाला सापडेल. फक्त ‘पुढचा चॅप्टर कधी?’ एवढंच लिहू नका, आधी जे आहे त्याबद्दल बोला. कथेवर ‘ऑर्फन अकाउंट’ असं नाव असेल तर लेखकाने ती स्वतःपासून सोडवून ठेवलीये, तुमची कमेंट त्याच्या मेलमध्ये जाणार नाही. तरी लिहा, तुमच्यानंतर ती कथा वाचायला येणारा तुमची कमेंट बघेल आणि त्याखाली उत्तर देईल, तुम्हाला अकाउंट असेल तर त्याचा मेल तुम्हाला येईल.